घरातले रोम : संग्रह, मालकी आणि वस्तूची हकिगत



होमिओपॅथीच्या डॉक्टराने प्राचीन रोमच्या वस्तूंवर व्याख्यान का द्यावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर त्याचे उत्तर आमच्याच शास्त्राच्या इतिहासात आहे. आमच्या पद्धतीचे जनक सॅम्युएल हानेमान हे डॉक्टरकीची पदवी मिळण्याआधी, १७७७ साली, ट्रान्सिल्व्हेनियातील हेर्मानश्टाट या गावी गेले. तिथले गव्हर्नर बॅरन ब्रुकेंथाल हे मोठे संग्राहक. त्यांचे घरचे वैद्य म्हणून आणि ग्रंथालय व जुन्या नाण्यांचा संग्रह लावण्यासाठी हानेमान त्यांच्याकडे राहिले. हा मुलूख एके काळी रोमन साम्राज्याचा डेशिया नावाचा प्रांत होता. पुढे १७७९ साली एर्लांगेनला त्यांनी पदवी घेतली. ब्रुकेंथाल १८०३ साली वारले आणि १८१७ पासून त्यांचा संग्रह लोकांना पाहायला खुला झाला. म्हणजे आमच्या गुरूंनीही लक्षणांच्या याद्या करण्याआधी ग्रंथांच्या आणि नाण्यांच्या याद्या केल्या. माणसाने जुन्या वस्तू घरात का ठेवाव्यात, कशा ठेवाव्यात आणि केव्हा ठेवू नयेत, या प्रश्नाकडे मी याच वाटेने आलो.

सुरुवात रोमन माणसाच्या घरातूनच करू. खानदानी रोमन घराच्या दर्शनी दालनाला आट्रियम म्हणत. पाहुणा आत आला की त्याला लाकडी कपाटे दिसत. त्यांत घरातल्या कर्त्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असत. प्रत्येकाखाली त्याचे नाव आणि त्याने भूषवलेली पदे लिहिलेली असत. घरात कुणी वारले की हे मुखवटे बाहेर निघत, माणसे ते चेहऱ्यावर लावून अंत्ययात्रेत चालत, आणि अशा रीतीने सारे पूर्वज नव्याने गेलेल्याला पोचवायला येत. दुसरीकडे घरातले देवघर असे. त्यात लारेस, म्हणजे घराचे रक्षण करणाऱ्या देवांच्या, वीतभर उंचीच्या कांस्यमूर्ती असत. पोंपेईच्या घरांत अशी देवघरे आजही भिंतीत दिसतात. आपल्या देव्हाऱ्यातले टाक ज्याने पाहिले आहेत, त्याला हे फार समजावून सांगायला नको. आज युरोपातल्या संग्राहकांच्या काचकपाटात ज्या लहान रोमन मूर्ती असतात, त्यांपैकी कित्येक मुळात कुणाच्या तरी देव्हाऱ्यातल्या आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

प्लिनी हा पहिल्या शतकातला लेखक. तो एक चमत्कारिक चाल नोंदवतो. युद्धात जिंकलेली शत्रूची शस्त्रे घराच्या दाराशी लावलेली असत, आणि घर विकले गेले तरी नव्या मालकाला ती काढण्याची मुभा नसे. घर पैसे देऊन घेता येई, पण त्या घराचा पराक्रम घेता येत नसे. वस्तू आणि तिची हकिगत यांची ताटातूट होऊ नये, हे रोमनांना कळत होते. हे कळत असूनही त्यांनी जगातली सर्वांत मोठी ताटातूट केली.

इ. स. पूर्व २१२ मध्ये मार्सेलसने सिरॅक्यूज घेतले आणि तिथली ग्रीक शिल्पे रोमला आणली. १४६ मध्ये म्युमियसने कॉरिंथ लुटले. हा सरदार कलेच्या बाबतीत इतका भोळा होता, की जगप्रसिद्ध चित्रे आणि पुतळे जहाजात चढवताना त्याने ठेकेदारांना दम भरला, म्हणे, यांतले काही हरवले तर तसेच नवे करून द्यावे लागेल! या लुटीनंतर श्रीमंत रोमनाच्या घरात ग्रीक शिल्प असणे ही प्रतिष्ठा झाली. प्लिनीची तक्रार हीच आहे, की लोक आता आपल्या पूर्वजांच्या चेहऱ्यांऐवजी परक्यांचे पुतळे मांडतात.

सिसेरोची पत्रे वाचली की हे वेड जवळून दिसते. टुस्क्युलमच्या आपल्या बागबंगल्यासाठी त्याने अथेन्समधल्या मित्राकडून, अॅटिकसकडून, पुतळे मागवले. मेगारा गावच्या पुतळ्यांसाठी त्याने २०,४०० सेस्टर्स मोजले. जहाज लवकर पाठव, जे मिळेल ते पाठव, असा त्याचा एकसारखा तगादा. पण फॅडियस गॅलस नावाच्या दुसऱ्या स्नेह्याने न विचारता बॅकसच्या नाचणाऱ्या सेविकांचे पुतळे घेतले, तेव्हा सिसेरो वैतागला. वाग्देवता असत्या तर माझ्या ग्रंथालयात शोभल्या असत्या, या नाचऱ्या मी कुठे ठेवू, आणि शांततेचा पुरस्कार करणाऱ्या माझ्या घरी युद्धदेव मार्स कशाला, असे त्याचे म्हणणे. वस्तू नुसती सुंदर असून भागत नाही, ती त्या घरात का आहे याला काही अर्थ हवा, हा विचार यामागे आहे. दिवाणखाना सजवणाऱ्या आजच्या गृहस्थालाही तो उपयोगी पडावा.

याच सिसेरोने इ. स. पूर्व ७० मध्ये व्हेरेसवर खटला चालवला. व्हेरेस सिसिलीचा सुभेदार होता. मेसाना गावी हेयस नावाच्या सधन गृहस्थाच्या घरात पूर्वजांपासून चालत आलेले देवघर होते. त्यात प्रॅक्सिटेलीसचा क्यूपिड होता, मायरनचा हर्क्युलीस होता, पॉलिक्लिटसच्या टोपल्या वाहणाऱ्या दोन मुली होत्या. गावात येणारा प्रत्येक रोमन ते देवघर पाहायला जाई, आणि घर रोज सर्वांसाठी उघडे असे. व्हेरेसने हे सगळे ६,५०० सेस्टर्सना ‘विकत घेतले’. हिशेबवहीत रीतसर नोंदही केली. सिसेरोचा सवाल असा, की सुभेदाराला नाही म्हणण्याची ज्याची छाती नाही, त्याने दिलेल्या वस्तूची पावती कसली? आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात पावती दाखवणारे पुष्कळ भेटतात. ती पावती कोणत्या परिस्थितीत झाली, हे विचारणारे थोडे असतात. व्हेरेस मार्सेयला पळून गेला आणि २७ वर्षांनी, इ. स. पूर्व ४३ मध्ये, मारला गेला. प्लिनी सांगतो, की अँटनीला हवी असलेली कॉरिंथची कांस्यपात्रे त्याने दिली नाहीत म्हणून. परिग्रह माणसाला कुठवर नेतो याचे याहून ठसठशीत उदाहरण आमच्या कथाग्रंथांतही क्वचितच सापडेल.

मध्ययुगात रोमचा संगमरवर चुन्याच्या भट्ट्यांत गेला. मग काळ पालटला. १४ जानेवारी १५०६ रोजी रोममधल्या एका द्राक्षमळ्यात लाओकून आणि त्याच्या मुलांचे शिल्प निघाले. पोप दुसरे ज्युलियस यांनी ते विकत घेऊन व्हॅटिकनमध्ये मांडले. कार्डिनल आणि सरदार आपापल्या वाड्यांच्या चौकांत जुने संगमरवर मांडू लागले. अठराव्या शतकात इंग्रज तरुणांनी इटलीची सफर करायची आणि येताना दोनचार पुतळे आणायचे, अशी रीत पडली.

या मंडळींत चार्ल्स टाउनली (१७३७–१८०५) हे सर्वांत रसिक. लंडनच्या पार्क स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात जेवणाच्या दालनापासून जिन्यापर्यंत रोमन शिल्पे होती. पाहुण्यांना आत येता येई आणि माहितीची यादीही हातात मिळे. क्लायटी या नावाने ओळखला जाणारा एका स्त्रीचा अर्धपुतळा त्यांना इतका प्रिय होता, की त्याला ते गमतीने आपली पत्नी म्हणत. १७८० साली लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळली. टाउनली कॅथलिक होते. घर सोडून निघताना त्यांनी तो एक पुतळा बरोबर घेतल्याची गोष्ट सांगतात.

टाउनलींच्या संग्रहातली एक गोष्ट मात्र डॉक्टर या नात्याने मला फार बोलकी वाटते. १७९१ साली हेड्रियन सम्राटाच्या टिव्होली येथील प्रासादाच्या जागी थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचा पुतळा निघाला. टाउनलींनी तो घेतला. पण त्यावर बसवलेले डोके दुसऱ्याच पुतळ्याचे, आणि त्याची मानही चुकीच्या बाजूला वळलेली. मूळ शिल्पात खेळाडू मागे वळून थाळीकडे पाहतो, इथे तो जमिनीकडे पाहतो. त्या काळी रोममध्ये जुने तुकडे जोडून ‘पूर्ण’ पुतळे विकण्याचा मोठा धंदा होता. गिऱ्हाइकाला नाक हवे, हात हवा, डोके हवे, म्हणून कारागीर ते जोडून देत. जसे रुग्ण सांगतात, डॉक्टर, काहीतरी नाव सांगा दुखण्याला, तसे. नाव मिळाले की समाधान होते. पण चुकीच्या नावाखाली खरे लक्षण झाकले जाते. टाउनली वारल्यावर १८०५ साली ब्रिटिश म्युझियमने त्यांची शिल्पे २०,००० पौंडांना घेतली, आणि तो खेळाडू अजून तिथे चुकीच्या दिशेने पाहत उभा आहे.

दुसरे घर वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे. लिंकन्स इन फील्ड्समधल्या त्यांच्या घरात रोमन कलश, शिरे, खांबांचे तुकडे भिंतीभर लावलेले आहेत. १८३३ साली त्यांनी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घेतला. आपल्या मृत्यूसमयी घर जसे असेल तसेच ते ठेवावे आणि लोकांना पाहू द्यावे, असा त्याचा आशय. १८३७ साली ते गेले. घर आजही तसेच आहे. संग्राहकाचा संग्रह त्याच्या मागे तीन वाटांनी जातो. वाटणीत फुटतो, लिलावात फुटतो, किंवा लोकांचा होतो. यांतल्या तिसऱ्या वाटेचे पुण्य मोठे.

इथवर गोष्ट रसिकांची झाली. विसाव्या शतकात कायद्याची बाजू पुढे आली. इटलीने १९०९ च्या कायद्याने जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू राष्ट्राची मानली. १९७० साली युनेस्कोचा करार झाला. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण थांबवण्यासाठी देशांनी एकमेकांना मदत करावी, असे ठरले. तेव्हापासून कुठल्याही प्रामाणिक खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो, ही वस्तू मूळ देशाबाहेर केव्हा आणि कशी आली?

दोन अलीकडची उदाहरणे सांगतो. कॅलिगुला सम्राटाने नेमी सरोवरात अवाढव्य जहाजे बांधली होती. मुसोलिनीच्या काळात सरोवराचे पाणी उपसून ती बाहेर काढली आणि तीरावर त्यांचे संग्रहालय केले. १९४४ साली युद्धात ते जळाले. त्या जहाजांवरच्या संगमरवरी जडावाच्या फरशीचा एक चौकोन पुढे न्यूयॉर्कच्या एका घरात कॉफीचे टेबल होऊन बसला. अनेक वर्षे त्यावर कप-बशा ठेवल्या गेल्या. २०१७ साली तो जप्त झाला आणि पुढे इटलीत परत गेला. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सासचे. २०१८ साली तिथल्या जुन्या सामानाच्या धर्मादाय दुकानात एका बाईंना संगमरवरी डोके दिसले. किंमत ३४ डॉलर ९९ सेंट. तपास केला तर ते खरे रोमन निघाले. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने आशाफेनबुर्ग येथे पोंपेईच्या घराची प्रतिकृती बांधली होती, तिच्यातले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते नाहीसे झाले होते. त्या बाईंनी जर्मनीशी बोलणे केले. पुतळा काही काळ सॅन अँटोनियोच्या संग्रहालयात मांडला गेला आणि २०२३ साली घरी गेला. याची जुनी छायाचित्रे आणि नोंदी शिल्लक होत्या, म्हणून त्याचे घर सापडले. ज्यांची नोंद नाही, त्यांना परत जायचे म्हटले तरी जाता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. रोमशी आपला संबंध पुस्तकी नाही. पेरिप्लस हे पहिल्या शतकातले ग्रीक भाषेतले सागरी प्रवासपुस्तक. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत. इथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई. बंदरात तिकडून मद्य येई, सोन्यारुप्याची नाणी येत, आणि राजासाठी चांदीची भांडी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४०च्या दशकात कांस्यवस्तूंचा मोठा साठा निघाला, आणि पुढे सांकलिया व दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. त्या साठ्यात बहुतेक वस्तू इथल्या आणि थोड्या रोमन. त्यांपैकी समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी हा परदेशी वरुण कुणी आणला असेल? त्याची पूजा झाली की तो नुसता शोभेला होता? त्याच्यासोबत काय काय निघाले हे ठाऊक आहे, म्हणून निदान हा प्रश्न विचारता तरी येतो.

बडोद्याजवळ अकोट्याला क्यूपिडची आकृती असलेली रोमन धाटणीची कांस्याची मूठ मिळाली. त्याच अकोट्याच्या मातीतून १९५१ साली निघालेल्या जैन कांस्यमूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. हैदराबादकडच्या वाचकांना कोंडापूर ठाऊक असेल. तिथे, तेरला आणि कोल्हापूरलाही, रोमन नाण्यांवरून छाप घेतलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. त्यांना भोक किंवा कडी असते, म्हणजे त्या गळ्यात घालत. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नाही तो मातीवर टायबेरियसचा मुखवटा उमटवून मिरवतो! पुढे हजार-दीड हजार वर्षांनी व्हेनिसचे सोन्याचे डुकाट आपल्याकडे पुतळी म्हणून आले आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. परदेशी नाण्याची हौस आपल्याला जुनीच आहे.

उलट दिशेनेही वस्तू गेल्या. १९३८ साली पोंपेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची वीतभर, दोन्ही बाजूंना दासी, तळाशी खरोष्ठी अक्षराची खूण. तिला लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असेही अनेकांचे मत आहे. इ. स. ७९ च्या ज्वालामुखीने ते घर गाडले गेले, म्हणजे त्याआधी ती तिथे पोचली. मूर्ती कुठली असावी याचा अंदाज कशावरून आला? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला अगदी त्याच वळणाच्या हस्तिदंती आकृती मिळाल्या, त्यावरून. पोंपेईतली आणि मराठवाड्यातली अशा दोन्ही ठिकाणांची नोंद होती, म्हणून हे नाते जुळले. यांतली एक जरी कुणाच्या शोकेसमध्ये ‘जुनी बाहुली’ म्हणून पडून राहिली असती, तर आपल्याला आपल्याच कारागिराचा पत्ता लागला नसता.

तेरची ही वस्तू जपली गेली ती एका गृहस्थामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीच्या टेकाडांतून, पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांचा संग्रह पुढे सरकारी संग्रहालय झाला आणि त्यांचेच नाव त्याला आहे. टाउनलींची शिल्पे २०,००० पौंडांची होती. लामतुरेंचे खापरांचे तुकडे, मणी आणि मातीच्या बाहुल्या बाजारात कवडीमोलाच्या. पण तेरची वस्तू तेरलाच राहिली, हे त्यांचे मोठेपण मला टाउनलींपेक्षा जास्त वाटते.

आमच्या दवाखान्यात औषध नंतर, आधी हकिगत. रुग्ण कधी आजारी पडला, कुठे राहतो, थंडी सोसते का, आजोबांना काय होते, हे सगळे लिहून घेतल्याखेरीज आम्ही पुढे जात नाही. जुन्या वस्तूचे तसेच आहे. मातीतून उपटून काढलेली आणि शेजारच्या वस्तूंपासून तोडलेली मूर्ती म्हणजे बोलू न शकणारा आणि सोबत नातेवाईक नसलेला रुग्ण. तिचे बाह्यरूप दिसते, बाकी सर्व तर्क. महाराष्ट्रातल्या उत्खननांत मिळालेले कुंभांचे काही तुकडे बराच काळ रोमन मानले जात. पुढच्या अभ्यासात त्यांतले काही मेसोपोटेमियाकडचे निघाले. चूक सुधारता आली, कारण तुकडा कुठल्या थरात, कुठल्या ठिकाणी मिळाला हे लिहिलेले होते.

कुणी विचारील, मग घरात काही ठेवूच नये का? तसे मी म्हणत नाही. इंग्लंडसारख्या देशात रीतसर नोंद झालेली साधी रोमन नाणी, दिवे, काचेच्या कुप्या कायदेशीरपणे विकल्या जातात आणि शिक्षक, पेन्शनर मंडळी त्या आवडीने जपतात. आपल्याकडे नियम निराळे आहेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, आणि मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेतात नांगराला लागलेले रोमन नाणे सराफाकडे वितळवण्याआधी हे आठवावे.

जवळ असलेल्या वस्तूची निगा राखण्याबद्दल थोडे वैद्यकी सल्ले देतो. जुन्या कांस्याला चिंच, लिंबू, राख लावू नये. आपल्या गृहिणींचा हात तांब्या-पितळेवर बसलेला असतो, पण दोन हजार वर्षांचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे त्या वस्तूची कातडी आहे. घासून चकचकीत केले की अक्षरे गेली, आणि अभ्यासही गेला. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी ठिपक्यांनी उठू लागली तर तो खरा रोग. जाणकार त्याला कांस्यरोगच म्हणतात. धातूत मुरलेले क्षार दमट हवेत जागे होतात आणि धातू पोखरतात. अशी वस्तू कोरड्या, बंद पेटीत वेगळी ठेवावी आणि संग्रहालयातल्या तज्ज्ञाला दाखवावी. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत हे विशेष सांभाळावे. रोमन काचेवरची इंद्रधनुषी झळाळी म्हणजे काचेचे सुटत चाललेले पापुद्रे. ती धुवू नये, पुसू नये. मातीचा दिवा तेल घालून पेटवून पाहण्याचा मोह आवरावा. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक कागद ठेवावा. कुणाकडून आली, केव्हा, किती पैसे दिले, सोबत काय होते, हे त्यावर लिहावे. वस्तूवर चिकटपट्टी लावू नये.

हा शेवटचा सल्ला आपल्यासाठी आहे, वाचकहो. आपल्यापैकी थोड्यांच्याच घरी रोमन वस्तू असतील. पण बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत आपल्या जुन्या घरांत समया आहेत, अडकित्ते आहेत, टाक आहेत, मोडीतली दप्तरे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलुखाबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांची आपल्या इथे येण्याची खरी साक्ष त्यांतच आहे. वाडे पडताहेत, मुले पुण्या-बंगळुरूला आणि परदेशी आहेत, आणि भंगारवाला तागडी घेऊन दारात उभा आहे. आमच्या घरांतल्या पंचधातूच्या जिनमूर्तींच्या पाठीवर संवत, करविणाऱ्याचे नाव, गुरूंचे नाव कोरलेले असते. म्हणून पाच-सहाशे वर्षांनीही त्या मूर्ती आपली ओळख सांगतात. जैन गृहस्थाला परिग्रहाची मर्यादा घालून घेण्याचे व्रत सांगितले आहे. त्याचा अर्थ मी असा घेतो, की वस्तू माझी आहे हा हट्ट सोडावा, पण तिची हकिगत सोडू नये.

तेव्हा येत्या सुट्टीत मुले-नातवंडे घरी आली की एक वही घ्यावी. माळ्यावरची आणि देव्हाऱ्यातली एकेक वस्तू काढावी, घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारावे, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. फोटो काढावा, तारीख घालावी. जे कुणालाच ठाऊक नाही तिथे ‘माहीत नाही’ असे स्पष्ट लिहावे. पुतळ्यावर खोटे डोके बसवण्यापेक्षा ते बरे.